ट्रॅक्टरला नवा दिवा लावण्याआधी अँपिअरचा हिशेब करा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



धानाचा हंगाम आला की आपल्या मौदा भागात ट्रॅक्टरला रात्र-दिवस उसंत नसते. पावसाळ्यात चिखलणी आणि रोवणीची घाई असते. दिवाळीच्या सुमारास धान कापून पुंजणे रचायचे, चुरायचे आणि ट्रॉली भरून गिरणीवर न्यायची. काम दिवसा आटोपत नाही, म्हणून रात्री करावे लागते. रात्रीच्या कामाला उजेड हवा, म्हणून मागे एक जादा दिवा येतो. मग गाण्यांसाठी टेप येतो, मोबाइलचा चार्जर येतो, उन्हाळ्यात छोटा पंखा येतो. जिथे वायर सापडली तिथे सोलून जोड दिला, वर काळी पट्टी गुंडाळली, झाले काम!

काही दिवस सगळे ठीक चालते. मग एके रात्री फ्यूज उडतो. कोणी तरी म्हणते, "काही नाही होत जी, चांदीचा कागद गुंडाळा, चालते." आणि चालतेही. पण त्या घडीपासून तुमच्या ट्रॅक्टरवर राखणदार उरलेला नसतो. डिझेलचे ओघळ, सुकलेले तणस आणि तापलेली वायर एका ठिकाणी आली तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. वर्षाचे पीक पुंजण्यात उभे असते आणि ट्रॅक्टर त्याच्याच बाजूला उभा असतो.

हे टाळायला मेकॅनिकचे शिक्षण लागत नाही. भागाकार आला म्हणजे पुरे. तो हिशेब आज आपण नीट समजून घेऊ.

व्होल्ट, अँपिअर आणि वॉट

हे तिन्ही शब्द म्हणजे तीन शास्त्रज्ञांची आडनावे आहेत. व्होल्टा इटलीचे, अँपिअर फ्रान्सचे आणि वॉट स्कॉटलंडचे. त्यांचा अर्थ मात्र आपल्या पाटाच्या पाण्यावरून चटकन कळतो.

पेंच कालव्याचे पाणी तुमच्या बांधीत येते ते कालवा उंचावर आहे म्हणून. ही उंची म्हणजे व्होल्ट, विजेचा दाब. पाटातून किती पाणी वाहते ते आपण क्यूसेकमध्ये मोजतो. वायरमधून किती वीज वाहते ते अँपिअरमध्ये मोजतात. आणि दाब व प्रवाह मिळून जे काम होते, त्याचे माप म्हणजे वॉट. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट मिळतात.

मौद्याच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन असे चार संच आहेत, एकूण २३२० मेगावॉट. तिथले मापही हेच आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या ५ वॉटच्या बल्बचे मापही हेच. एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट, एवढाच फरक.

आपल्याला हवे असतात अँपिअर. कारण वायर किती जाड घ्यायची आणि फ्यूज कितीचा बसवायचा, हे अँपिअरवर ठरते. बल्बवर मात्र वॉट लिहिलेले असतात. तेव्हा सूत्र उलटे करायचे: वॉटला व्होल्टने भागा, अँपिअर मिळतील. ट्रॅक्टर, जीप आणि मोटारगाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. म्हणून वॉटला १२ ने भागा.

इथेच पुष्कळांची गफलत होते. घरी ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर लागतो. ६० भागिले २३० म्हणजे जेमतेम पाव अँपिअर. तोच ६० वॉटचा बल्ब ट्रॅक्टरवर ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर घेतो. जवळजवळ वीसपट! म्हणून घरच्या बल्बला पुरलेली बारीक वायर ट्रॅक्टरच्या दिव्याला पुरत नाही. दाब कमी असला की तेवढेच काम करायला प्रवाह जास्त लागतो. पाटाला उतार कमी असेल तर पाट रुंद करावा लागतो, तसेच हे.

पहिला हिशेब: एकेका लाइनचा

समजा, तुम्हाला मागे नांगरटीसाठी ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे लावायचे आहेत. ५५ आणि ५५ मिळून ११० वॉट. ११० भागिले १२ म्हणजे सव्वानऊ अँपिअरच्या आसपास. ही झाली त्या लाइनची गरज.

आता वायर. दुकानात "दीड एमएम", "अडीच एमएम" म्हणतात ते तांब्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. साधारण चार-पाच मीटर लांबीच्या लाइनसाठी खालचे कोष्टक लक्षात ठेवा. ते मुद्दाम हात राखून दिले आहे.

१ चौ. मि.मी. वायर: ५ अँपिअरपर्यंत, फ्यूज ७.५ चा.
१.५ चौ. मि.मी. वायर: ८ अँपिअरपर्यंत, फ्यूज १० चा.
२.५ चौ. मि.मी. वायर: १५ अँपिअरपर्यंत, फ्यूज २० चा.
४ चौ. मि.मी. वायर: २० अँपिअरपर्यंत, फ्यूज २५ चा.

यातले फ्यूजचे आकडे ही वरची मर्यादा समजा. भार कमी असेल तर फ्यूजही कमीचा घ्या. नेहमीचा नियम असा, की लाइनची जी गरज असेल तिच्या सव्वापट फ्यूज घ्यायचा. आपल्या दोन दिव्यांना सव्वानऊ अँपिअर लागतात. त्याची सव्वापट म्हणजे साडेअकरा. बाजारात साडेअकराचा फ्यूज मिळत नाही, म्हणून त्याच्या वरचा, १५ अँपिअरचा घ्या. आणि वायर अडीचची घ्या.

सव्वापट का? आपला हिशेब १२ व्होल्टचा आहे. एंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो, आणि त्या वेळी बल्ब थोडा जास्त प्रवाह घेतो. शिवाय थंड बल्ब लागताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढतो. अगदी मोजून-मापून फ्यूज बसवला तर तो विनाकारण उडत राहील.

बारीक वायर वापरली तर दोन नुकसान होतात. पहिले म्हणजे दिवा मंद लागतो. बॅटरीपासून मागपर्यंत चार मीटर आणि परत चार मीटर, अशी आठ मीटर एक चौरस मिलिमीटरची वायर या दिव्यांना टाकली, तर सव्वा व्होल्टहून जास्त दाब वायरमध्येच मुरतो. दिव्यापर्यंत पोचतो तो उरलेला. दाब एक-दशांशाने घटला की बल्बचा उजेड जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतो. मग आपण म्हणतो बल्ब चांगला नाही, आणि त्याहून मोठा बल्ब आणून बसवतो. वायर आणखी तापते. अडीचची वायर टाकली तर हेच नुकसान अर्ध्या व्होल्टवर येते.

दुसरे नुकसान उष्णतेचे. वायरमधला प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून "दोन दिवे चालतात तर त्याच वायरवर चारही चालतील" हे म्हणणे चुकीचे आहे.

फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरसाठी असतो

ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. फ्यूजचे काम दिवा वाचवणे हे नाही. वायर जळण्याआधी आपण जळून जाणे हे त्याचे काम. सगळ्या लाइनीत तो मुद्दाम सर्वांत अशक्त ठेवलेला असतो. त्याच्या जागी चांदीचा कागद, तांब्याची तार किंवा खिळा बसवला, तर सर्वांत अशक्त जागा वायर होते. मग जळते ती वायर.

पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. ७.५ चा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा-पारदर्शक आणि ३० चा हिरवा. लाल उडाला तर लालच घाला, "हिरवा टिकतो" म्हणून हिरवा घालू नका. टूलबॉक्समध्ये प्रत्येक रंगाचे दोन-दोन फ्यूज ठेवा. त्यांची किंमत काही रुपयांची आहे, आणि ते जवळ नसले म्हणजेच चांदीचा कागद आठवतो.

नव्या लाइनचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. दिव्याजवळ फ्यूज बसवून उपयोग नाही. मधल्या चार मीटर वायरीचे कव्हर पत्र्यावर घासून गेले तर तिचे रक्षण कोण करणार?

बदललेला फ्यूज पुन्हा उडाला तर दोनच कारणे असतात. एक तर कुठे तरी वायर पत्र्याला लागते आहे, नाही तर भार जास्त झाला आहे. तिसऱ्यांदा फ्यूज घालण्याआधी ते शोधा.

ट्रॉली जोडली की फ्यूज का उडतो

ही तक्रार अनेकांची असते. तिचे उत्तर हिशेबातच आहे. ट्रॅक्टरचे ब्रेकचे दोन बल्ब २१-२१ वॉटचे. मिळून ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर. त्या लाइनला ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. आता ट्रॉली जोडली आणि तिचे दोन बल्ब त्याच वायरवर घेतले. ८४ वॉट झाले, म्हणजे ७ अँपिअर. ५ चा फ्यूज उडणारच! यात फ्यूजचा काही दोष नाही.

अशा वेळी काही जण दांडगा फ्यूज घालतात. काही जण त्याहून वाईट करतात, ट्रॉलीचे दिवेच काढून टाकतात. मौद्यावरून जाणारा नागपूर-भंडारा मार्ग, म्हणजे पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आजचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, रात्री किती धावतो ते तुम्ही पाहताच. धानाने भरलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला अगदी जवळ आल्यावर दिसते. तेव्हा ब्रेक लावून उपयोग नसतो. ट्रॉलीचे मागचे दिवे हा शोभेचा प्रकार नाही. ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा आणि पोत्यांवर बसलेल्या मजुरांचा जीव त्यावर अवलंबून असतो.

उपाय दोन आहेत. पहिला, ट्रॉलीच्या दिव्यांना बॅटरीवरून वेगळी, फ्यूज लावलेली लाइन द्या आणि मध्ये रिले बसवा. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह सुरू-बंद करणारी डबी. जुन्या वायरीवर तिचा भार एक अँपिअरच्या पाव हिश्श्याहूनही कमी पडतो, आणि ट्रॉलीचा सगळा प्रवाह नव्या वायरीतून जातो. दुसरा उपाय, ट्रॉलीला १२ व्होल्टचे एलईडी दिवे लावा. ते थोड्याच वॉटमध्ये काम भागवतात. कोणताही उपाय करा, पण ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावाच. त्यांना वीज लागत नाही आणि फ्यूजही लागत नाही.

दुसरा हिशेब: सगळ्यांची बेरीज

एकेक लाइन बरोबर असली तरी सगळ्या मिळून अल्टरनेटरला झेपतात का, तेही पाहावे लागते. एंजिन चालू असताना वीज तयार करतो तो अल्टरनेटर, जुन्या ट्रॅक्टरवर डायनॅमो. किती अँपिअरचा आहे ते त्याच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते. उदाहरणापुरता आपण ३६ अँपिअरचा धरू.

रात्री सतत लागणारे दिवे मोजू. पुढचे मोठे दिवे ५५ चे दोन, ११० वॉट. पुढचे छोटे दिवे १०, मागचे लाल १०, नंबरपट्टीचा ५, घड्याळांचे ५, ट्रॉलीचे मागचे १० आणि नांगरटीचा एक दिवा ५५. बेरीज २०५ वॉट. १२ ने भागले की १७ अँपिअर.

आता आपण केलेली भर. २७ वॉटचे दोन एलईडी दिवे, साडेचार अँपिअर. टेप आणि त्याचा मोठा आवाज, ५. पंखा २. मोबाइल चार्जर १. एकूण साडेबारा. सतरा आणि साडेबारा मिळून साडेएकोणतीस.

छत्तीसमध्ये साडेएकोणतीस बसतात असे वाटेल. पण पट्टीवरचा आकडा एंजिन वेगात असतानाचा असतो. एंजिन मंद चालत असताना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. शिवाय बॅटरी भरायला काही अँपिअर लागतात, आणि हॉर्न, ब्रेक, इंडिकेटर अधूनमधून येतातच. म्हणून पट्टीवरच्या आकड्याच्या पाऊण पटीतच सततचा भार ठेवा. छत्तीसची पाऊण पट सत्तावीस. आपला भार अडीच अँपिअरने जास्त झाला. ही तूट बॅटरीतून जाते आणि सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही.

मग काय करावे? नांगरटीचा ५५ वॉटचा हॅलोजन काढून १८ वॉटचा चांगला एलईडी बसवा. ३७ वॉट वाचले, म्हणजे तीन अँपिअर. भार साडेसव्वीसवर आला. मोठा अल्टरनेटर घेण्याआधी असा एखादा दिवा बदलून पाहावा. पुढच्या मोठ्या दिव्यांत मात्र डोळे दिपवणारे भलतेच बल्ब घालू नका. समोरून येणाऱ्याला काही दिसेनासे होते.

हिशेब बरोबर आला की नाही, हे पाहायची सोपी युक्ती आहे. साध्या मीटरने बॅटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्ट मोजा. एंजिन मध्यम वेगात ठेवा आणि सगळे दिवे लावा. मीटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दाखवत असेल तर चांगले. १३ च्या खाली येत असेल तर भार जास्त आहे, नाही तर पट्टा ढिला किंवा अल्टरनेटर नादुरुस्त आहे. अँपिअर मोजायला चिमट्याचा मीटर घ्याल तर तो डीसी मोजणारा आहे ना, ते विचारून घ्या. घरची वीज मोजणारा साधा चिमटा बॅटरीचा प्रवाह दाखवत नाही.

तिसरा हिशेब: एंजिन बंद असताना

बॅटरीवर अँपिअर-तास लिहिलेले असतात. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कणगीत ७५ पायल्या धान्य आहे असे समजा. पण निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. वारंवार रिकामी होणारी बॅटरी लवकर मरते.

लग्नात ट्रॉलीवर गाणी लावली. यंत्र १० अँपिअर घेते आणि चार तास वाजले. दहा चोक चाळीस. निम्म्याहून जास्त बॅटरी संपली. वरात पोचेल, पण परतताना धक्का मारावा लागेल. छोटे दिवे रात्रभर चालू राहिले तर २ अँपिअर गुणिले १० तास, म्हणजे २० अँपिअर-तास गेले.

गंमत अशी की स्टार्टर सर्वांत जास्त प्रवाह ओढतो, पण बॅटरी फारशी खात नाही. तीन अश्वशक्तीचा कृषिपंप तीन फेजवर फेजमागे पाचेक अँपिअर घेतो. जवळपास तेवढ्याच ताकदीचा स्टार्टर १२ व्होल्टवर दोनशेच्या आसपास अँपिअर ओढतो. पण दहा सेकंदांत मिळून जातात अर्धा अँपिअर-तासच. त्याची केबल अंगठ्याएवढी जाड का असते, हे आता कळले असेल. या जाड केबलला बहुधा फ्यूज नसतो, म्हणून ती पत्र्यावर घासत नाही ना, हे हंगामाआधी पाहा. आणि स्टार्टरच्या बोल्टवरून फ्यूजशिवाय दिव्याचा जोड कधीही घेऊ नका.

काम करताना

वायरीला हात लावण्याआधी बॅटरीची वजा बाजू आधी सोडा आणि काम संपल्यावर ती शेवटी जोडा. वायर गाडीची, बारीक तारांच्या जुडग्याची घ्या. एकाच जाड तारेची वायर हादऱ्याने तुटते. पीळ देऊन पट्टी गुंडाळलेला जोड ढिला होतो आणि तापतो, म्हणून थिंबल दाबून बसवा किंवा डाग द्या. अर्थिंग जोडताना पत्र्याचा रंग खरवडून लखलखीत करा. वायर सायलेन्सर आणि डिझेलच्या नळीपासून दूर न्या. काम झाल्यावर सगळे दिवे दहा मिनिटे लावून ठेवा, मग वायर, जोड आणि फ्यूजच्या डबीवर हात फिरवा. कोमट लागले तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर ती लाइन लगेच बंद करा.

एवढे करूनही ट्रॅक्टर रात्री पुंजण्याजवळ किंवा तणसाच्या गंजीजवळ उभा करू नका. बॅटरीच्या वजा केबलवर स्टार्टरचा प्रवाह सोसेल असा कटऑफ स्विच बसवून घ्या आणि काम संपल्यावर तो बंद करा.

थोडक्यात सांगायचे तर:

१. वॉटला १२ ने भागा, अँपिअर मिळतील.
२. अँपिअर पाहून वायर निवडा, आणि सव्वापट फ्यूज बॅटरीजवळ बसवा.
३. सततच्या भाराची बेरीज अल्टरनेटरच्या पाऊण पटीत ठेवा.
४. एंजिन बंद असताना निम्म्याहून जास्त बॅटरी वापरू नका.
५. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच आकड्याचा फ्यूज घाला, दुसरे काहीही नाही.
६. ट्रॉलीचे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर यांशिवाय रात्री रस्त्यावर जाऊ नका.

बियाणे आणि खताचा हिशेब आपण वहीत लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर आपल्या ट्रॅक्टरवरचे सगळे दिवे, त्यांचे वॉट आणि अँपिअर एकदा लिहून काढा. नवी वस्तू लावाल तेव्हा त्या पानावर एक ओळ वाढवा आणि बेरीज पुन्हा करा. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला हे काम सांगितले तर अर्ध्या तासात होईल.